घरगुती सुरा, तिचा संभार व राजशासन

(१)

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, हें शहर आज बिअरच्या उत्पादनाचें एक मोठें ठिकाण म्हणून ओळखलें जातें. वाळूज व आसपासच्या औद्योगिक वसाहतींत ह्या पेयाचे मोठे कारखाने आहेत. शहराच्या दुसऱ्या अंगास थोड्याच कोसांवर देवगिरीचा किल्ला उभा आहे. तेराव्या शतकांत तेथील यादवांचा श्रीकरणाधिप जो हेमाद्रि, त्याची चतुर्वर्गचिंतामणीमुळें झालेली कीर्ति सर्वश्रुत आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन नांवाची टीकाहि त्यानेंच लिहिली, हें मात्र वैद्यकाचे अभ्यासक सोडले तर थोड्यांस ठाऊक असतें. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांतील पांचव्या अध्यायांत द्रवद्रव्यांचा विचार आहे. तेथें मद्यवर्गांत यवसुरा, म्हणजे जवाची सुरा, हिचा स्वतंत्र निर्देश येतो. वाग्भटाचें तिच्याविषयींचें मत अनुकूल नाहीं. ती विष्टंभ करणारी, जड, रूक्ष व तिन्ही दोष वाढविणारी असें तो सांगतो. जव हें बिअरचें मुख्य धान्य होय. तेव्हां ज्या पेयाविषयीं देवगिरीच्या श्रीकरणाधिपानें अभ्यासिलेल्या ग्रंथांत इतका प्रतिकूल अभिप्राय आहे, त्याच पेयाच्या मोठमोठ्या टाक्या आज देवगिरीच्या परिसरांत उभ्या आहेत.

ह्या योगायोगाचें कौतुक करण्यासाठीं आम्ही लेखणी उचललेली नाहीं. आमच्या मनांत निराळाच प्रश्न आहे. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इत्यादि देशांत घरच्या घरीं बिअर करण्याचें साहित्य डब्यांत व पुड्यांत तयार मिळतें. मोड आलेल्या जवाचा आटवलेला अर्क, त्यांतच हॉप्स नामक वेलीच्या कडसर बोंडांचा अंश, सोबत किण्वाची एक लहान पुडी व कृतीचें पत्रक, असें त्याचें स्वरूप असतें. सुमारें पावणेदोन किलोंच्या एका डब्यांत साखर व पाणी घालून सुमारें २३ लिटर पेय होतें. गृहस्थानें भांडें स्वच्छ करावें, मिश्रण करावें व कांहीं दिवस वाट पाहावी, एवढेंच काम उरतें. हा प्रकार यंत्रयुगाचा म्हणून समजला जातो. परंतु सुरेचें अर्धें काम झालेलें साहित्य विकत आणून घरीं ती पुरी करण्याची रीति आमच्या जुन्या ग्रंथांत स्पष्ट आढळते. इतकेंच नव्हे, तर घरापुरती सुरा व विक्रीची सुरा ह्यांत राजशासनानें कोठें रेघ ओढली, हेंहि त्या ग्रंथांवरून समजतें. ह्या रेघेचा मागोवा घेणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. मद्यपानाची तरफदारी करण्याचा आमचा हेतु नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवितों.

(२)

प्रथम शब्दाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. मराठींत दारू 'गाळतात'. हें क्रियापद भट्टीवर वाफ करून ती थंड करण्याच्या क्रियेस लागू पडतें. सुरा व बिअर हीं गाळलेलीं नसून आंबवलेलीं पेयें होत. धान्याच्या पिठाची आधीं साखर व्हावी लागते व मग किण्व त्या साखरेचें मद्यार्कांत रूपांतर करितें. पिठाची साखर करण्याच्या दोन रीती आहेत. एक, धान्याला मोड आणणें. दुसरी, बुरशीयुक्त अशी किण्वाची वडी किंवा चूर्ण शिजवलेल्या धान्यांत मिसळणें. पहिली रीति युरोपांत रूढ झाली, दुसरी पूर्व आशियांत. भारतांत दोहोंच्याहि खुणा सांपडतात.

पहिल्या रीतीची जुनी साक्ष सौत्रामणी यागांत आहे. ह्या यागास सुरा लागते. शतपथ ब्राह्मणाच्या बाराव्या कांडांत तिच्या साहित्याचा क्रय सांगितला आहे तो असा: शिसें देऊन शष्प घ्यावें, लोंकर देऊन तोक्म घ्यावें, सूत देऊन लाजा घ्याव्या. शष्प म्हणजे मोड आलेली साळ व तोक्म म्हणजे मोड आलेला जव, असा अर्थ वाजसनेयी संहितेच्या भाष्यांत महीधर करितो. लाजा म्हणजे लाह्या. ह्यांच्या जोडीस नग्नहु नांवाची वनस्पतींच्या चूर्णाची मिसळ असते. सर्व साहित्य एकत्र करून तें तीन रात्री मुरूं द्यावयाचें असतें.

येथें वाचकांनीं एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. धान्याला मोड आणण्याचा खटाटोप यजमानाच्या घरीं होत नाहीं. मोड आलेलें धान्य तो विकत घेतो. ह्यावर असा आक्षेप येऊं शकेल कीं, क्रयाचा विधि सोमयागांतहि आहे, तेव्हां हा व्यवहार केवळ विधीपुरता असावा. आक्षेप विचारांत घेण्याजोगा आहे. तथापि ज्या वस्तूचा क्रय विधींत कल्पिला, ती वस्तु तयार करून विकणारा कोणी तरी समाजांत होता, एवढें तरी त्यावरून मानावें लागतें. यागाच्या विधीवरून सामान्य घरांतील रीतीचें अनुमान ह्यापलीकडे ताणणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

(३)

दुसऱ्या रीतीची साक्ष अधिक नेमकी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें आर. शामशास्त्री ह्यांच्या हातीं आली व त्यांनीं १९०९ सालीं ती छापून प्रसिद्ध केली. पुढें मुंबई विद्यापीठानें रा. प. कंगले ह्यांनीं सिद्ध केलेली चिकित्सक संहिता १९६० सालीं प्रकाशित केली. ह्या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणांतील पंचविसावा अध्याय सुराध्यक्षाचा आहे. त्यांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे मद्याचे सहा प्रकार सांगून त्यांचीं प्रमाणें दिलीं आहेत.

हीं प्रमाणें एका मापांत आणून पाहिलीं असतां कांहीं उद्बोधक गोष्टी दिसतात. द्रोण म्हणजे चार आढक, आढक म्हणजे चार प्रस्थ, अर्थात् द्रोणाचे सोळा प्रस्थ होतात. मेदकास एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व सांगितलें आहे. म्हणजे पाणी १६ प्रस्थ, तांदूळ २ प्रस्थ व किण्व ३ प्रस्थ. प्रसन्नेस पीठ १२ आढक, म्हणजे ४८ प्रस्थ, व किण्व ५ प्रस्थ. प्रसन्नेत किण्व हें पिठाच्या सुमारें दशांश आहे, तर मेदकांत तें तांदुळाच्या दीडपट आहे!

किण्व हें तांदुळाहून अधिक कसें, अशी शंका वाचकांस येईल. आजच्या यीस्टच्या पुडीची कल्पना मनांत धरली तर हें प्रमाण खरोखरच विलक्षण वाटतें. परंतु किण्वाची कृतीहि ग्रंथकार देतो. उडदाची पेंड किंवा लगदा, कच्चा अथवा शिजवलेला, एक द्रोण, त्याहून एक तृतीयांशानें अधिक तांदूळ व मोरटादि वनस्पती प्रत्येकीं एक कर्ष, असें तें आहे. म्हणजे किण्वांत सोळा प्रस्थ उडीद व सुमारें एकवीस प्रस्थ तांदूळ असतो. तेव्हां किण्व ही केवळ चिमूटभर घालावयाची वस्तु नसून तो स्वतःच धान्याचा मोठा सांठा आहे. मेदक करणाऱ्यानें किण्व आणलें म्हणजे त्याचें निम्म्याहून अधिक काम झालें. पुढें मेदक व प्रसन्ना ह्यांचा 'संभार' येतो. पाठा, लोध्र, ज्येष्ठमध, प्रियंगु, दारुहळद, मिरें, पिंपळी इत्यादि द्रव्यांची ही मोजून केलेली मिसळ आहे. ग्रंथकारानें तिला दिलेलें 'संभारयोग' हें नांवच बोलकें आहे. आजच्या डब्यांत हॉप्सचें जें काम, तें येथें संभाराचें. आजच्या डब्यांतील अर्क व पुडी मिळून जें काम करितात, त्याचा मोठा वांटा किण्वाचा. सुरा व किण्व ह्यांच्या निवडीटिपणीचें काम स्त्रिया व मुलें ह्यांजकडे द्यावें, असेंहि तेथें म्हटलें आहे. पोथीच्या दृष्टीनें ही बारीक गोष्ट असली तरी इतिहासाच्या दृष्टीनें ती महत्त्वाची आहे. ह्या विद्येचे खरे जाणकार कोण होते, तें तीवरून कळतें.

ही रीति लुप्त झालेली नाहीं. झारखंडांत तांदुळाची हंडिया करण्यासाठीं 'रानू' नांवाच्या वनौषधीयुक्त पिठाच्या गोळ्या आठवड्याच्या बाजारांत विकत मिळतात. नेपाळ व सिक्कीम येथें 'मर्चा' ह्या नांवानें तशाच वड्या आहेत. बाजारांतून वडी आणावी, घरीं भात शिजवावा व मडक्यांत घालून ठेवावा, अशी रीत आहे. किण्वाचें हें जिवंत रूप होय.

महाराष्ट्राच्या डोंगराळ भागांत मात्र मुख्य साधन मोहाचें फूल आहे. मोहाच्या फुलांत साखर आयतीच असते व तीं आंबविणारें किण्वहि त्यांजबरोबर नैसर्गिकरीत्या येतें. त्यामुळें वडी नको, मोड नको, संभारहि नको. ह्या फरकाचा राजशासनावर काय परिणाम झाला, तें पुढें येईल.

(४)

आतां राजशासनाच्या रेघेकडे वळूं. कौटिल्य हा मद्याचा व्यवहार मोकळा सोडणारा नव्हे. सुराध्यक्ष, ठराविक पानागारें, मोजून विक्री, पिणाऱ्यांवर नजर, असा त्याचा कडक बंदोबस्त आहे. तरीहि त्यानें कुटुंबवत्सल गृहस्थास एक सवलत ठेविली आहे. घरच्या कार्यप्रसंगीं श्वेतसुरा करावी व औषधासाठीं अरिष्ट करावें, ह्यास त्याची मुभा आहे. उत्सव, समाज व यात्रा ह्या प्रसंगीं चार दिवस सुरेची मोकळीक द्यावी, असें तो सांगतो. अनुज्ञेवांचून कोणी केल्यास समारंभ संपेपर्यंत दर दिवसाचा दंड घ्यावा, एवढीच शिक्षा आहे. जे राजाच्या मालाव्यतिरिक्त सुरा विकतात, त्यांजकडून शेंकडा पांच शुल्क घ्यावें, असा नियम स्वतंत्र आहे. ह्यावरून रेघ स्पष्ट दिसते. विक्री राजाच्या मुठींत ठेविली आहे, आणि घरच्या कार्यापुरतें जें करावयाचें त्यास मर्यादित मोकळीक आहे.

बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसऱ्या सोमेश्वरानें रचविलेल्या मानसोल्लासांत मदिरापानक्रीडेचें प्रकरण राजक्रीडांत येतें. परंतु तो राजवाड्यांतील विलास आहे. त्यावरून सामान्य घराविषयीं निर्णय करितां येत नाहीं, म्हणून तो येथें नुसता नोंदवून पुढें जातों.

पुढील साक्ष आहे त्या बादशहाच्या कारकीर्दीची, ज्याच्या नांवानें हें शहर १६५३ पासून २०२३ पर्यंत ओळखलें गेलें. औरंगजेबानें तख्तावर बसल्यावर मुहतसिब नेमून मद्यावर बंदी घातली. त्या काळीं दिल्लीस असलेला व्हेनिसचा निकोलाव मनुची ह्यानें ह्याविषयीं आपल्या वृत्तांतांत लिहून ठेविलें आहे. वैद्य व शस्त्रवैद्य सोडून बाकीच्या ख्रिस्ती लोकांस शहराबाहेर तोफखान्याजवळ राहण्याचा हुकूम झाला. तेथें त्यांनीं आपणांपुरतें मद्य करावें व प्यावें, परंतु विकूं नये, अशी अट होती. मनुचीच्या वृत्तांतांत अतिशयोक्ति पुष्कळ आहे. मुख्य काजीस आपण गुपचूप मद्य पुरवीत होतों, हें तो मोठ्या चवीनें सांगतो. त्यामुळें त्याचें प्रत्येक विधान तोलून घ्यावें लागतें. परंतु येथें सांगितलेल्या अटीचें स्वरूप कौटिल्याच्या नियमाशीं जुळणारें आहे, हें नाकारतां येत नाहीं.

तिसरी साक्ष मराठेशाहीची. पेशव्यांच्या रोजनिशींतील उताऱ्यांवर न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांनीं १९०० सालीं जी प्रस्तावना लिहिली, तींत ह्या विषयाचा परामर्श आहे. पेशवे सरकारचें सामान्य धोरण मद्यनिषेधाचें होतें. तथापि लष्करी चाकरींतील फिरंगी लोकांस स्वतःच्या उपयोगापुरती दारू गाळण्याची परवानगी होती व विक्रीची मनाई होती. येथें सुरा नसून गाळलेली दारू आहे, हा भेद आम्ही विसरत नाहीं. तरी ही रेघहि पूर्वींच्याच जागीं आहे.

तीन राज्यें, तीन धर्मदृष्टी व मध्यें शतकांचें अंतर. एकानें दुसऱ्याचें पाहून नियम केला, असें म्हणण्यास कांहीं आधार नाहीं. तरीहि 'घरापुरतें' व 'विक्रीचें' हा भेद तिन्ही ठिकाणीं आढळतो. ह्याचें कारण आमच्या मतें व्यावहारिक असावें. प्रत्येक चुलीवर पहारा बसविणें त्या काळच्या कोणत्याहि सरकारास शक्य नव्हतें. बाजारावर पहारा ठेवणें मात्र शक्य होतें.

(५)

ही रेघ पुसली गेली ती आबकारीच्या नव्या पद्धतीनें. मुंबई इलाख्यांत १८७८ सालचा आबकारी कायदा झाला व मद्य ठराविक कारखान्यांत गाळलें जाऊन त्यावर मोजून कर बसावा, हें धोरण बळावलें. करपद्धतीच्या दृष्टीनें त्यांत एक तर्क आहे. जें एका ठिकाणीं तयार होतें तें मोजतां येतें, आणि जें हजारों घरांत तयार होतें तें मोजतां येत नाहीं. घरगुती मद्य हें सरकारच्या दृष्टीनें आतां उत्सवाचा भाग न राहतां महसुलाची गळती ठरलें.

मोहाच्या फुलाचा प्रश्न येथें येतो. जेथें वडी विकत घ्यावी लागते तेथें वडीच्या विक्रीवर नजर ठेवितां येते. परंतु मोहास वडी लागत नाहीं. तेव्हां सरकारास फुलावरच निर्बंध घालणें भाग पडलें. १८९२ सालचा मोहाविषयींचा कायदा ठाणें व कुलाबा ह्या जिल्ह्यांत लागू झाला तो ह्यासाठींच. मोहाचें फूल गरिबाच्या घरीं अन्न म्हणूनहि उपयोगीं पडतें. पण मद्याचा संभार म्हणून त्याकडे पाहिलें गेल्यावर तें अन्न संशयित ठरलें. पुढें महाराष्ट्र शासनानें मोहफुलांचें संकलन, सांठा व वाहतूक ह्यांवरील निर्बंध २०२१ सालीं उठविले. मध्यंतरीं सव्वाशें वर्षें लोटलीं.

औरंगाबाद मात्र मुंबई इलाख्यांत नव्हतें. तें निजामाच्या राज्यांत होतें व तेथें १३१६ फसली, म्हणजे इसवी सन १९०६-०७ सालचा हैदराबाद आबकारी कायदा चालत असे. धोरण नांवानें निराळें, पण महसुलाची दृष्टि तीच. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला. मुंबई राज्याचा १९४९ सालचा दारूबंदी कायदा १९५९ सालच्या विस्तार-अधिनियमानें मराठवाड्यासहि लागू झाला. ह्या कायद्यांत मद्य ह्या शब्दाच्या व्याख्येंत बिअरचा स्पष्ट समावेश असून परवान्यावांचून तें तयार करणें हा गुन्हा आहे. विकण्याचा हेतु नव्हता, घरच्या कार्यापुरतें केलें, असें म्हणून सुटका होत नाहीं. कौटिल्यानें ठेविलेली गृहस्थाची सवलत येथें सर्वस्वीं नाहींशी झाली.

दुसरी बाजू मांडल्यावांचून पुढें जाणें अन्यायाचें होईल. मद्यानें उध्वस्त झालेल्या घरांची हकीकत महाराष्ट्रांत सांगावयास नको. गांवांतील स्त्रियांनीं मतदान करून दुकानें बंद पाडल्याचीं उदाहरणें आहेत. जून २०१५ मध्यें मुंबईंत मालवणी येथें विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें मेलीं. ह्या गोष्टी जाणणारा कोणीहि मनुष्य निर्बंधच नकोत असें म्हणणार नाहीं. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें एक भेद नोंदविणें अवश्य आहे. मालवणीचें विष हें मडक्यांत तीन रात्री मुरलेल्या सुरेचें नव्हतें. तें विक्रीसाठीं आणलेल्या दारूंतील मिथेनॉलचें होतें. जी रेघ जुन्या शासनांनीं ओढली ती विक्री व घर ह्यांमध्यें, आणि हें विष विक्रीच्या बाजूचें.

(६)

पश्चिमेकडे हीच रेघ पुसली गेली होती व ती पुन्हां ओढली गेली, हें सांगणें येथें उपयुक्त होईल. इंग्लंडांत १८८० सालीं माल्टवरील कर जाऊन बिअरवर कर आला, तेव्हां घरीं बिअर करणाऱ्यांसहि परवाना घ्यावा लागूं लागला. ही अट १९६३ सालीं रद्द झाली. त्यानंतर तेथें अर्काचे डबे व पुड्या ह्यांचा व्यापार वाढला. अमेरिकेंत १९२० ते १९३३ ह्या दारूबंदीच्या काळांत मोडाच्या अर्काचे डबे भाजणीच्या उपयोगाचे म्हणून दुकानांत उघड विकले जात व त्यांचा खरा उपयोग सर्वांस ठाऊक असे. बंदी उठली तेव्हां घरगुती द्राक्षमद्यास मोकळीक मिळाली, पण घरगुती बिअरचा उल्लेख राहून गेला. ती उणीव १९७८ सालच्या कायद्यानें भरून निघाली. एका प्रौढ माणसाच्या घरास वर्षास १०० गॅलन व दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन, अशी मर्यादा ठरली व विक्रीस मनाई राहिली. घरास मोकळीक, मोजकें माप व विक्रीस बंदी, हा नियम कौटिल्याच्या नियमाचा सख्खा भाऊ शोभेल.

ह्यावरून आमचा सिद्धान्त असा: घरगुती सुरेचा इतिहास हा पेयाचा इतिहास नसून संभाराचा व परवानगीचा इतिहास आहे. किण्व, रानू, मोहाचें फूल व अर्काचा डबा ह्या सर्व एकाच पंगतीच्या वस्तु होत. ज्याच्या हातीं संभार आहे त्याच्या हातीं सुरा आहे, हें शासनानें नेहमींच ओळखलें. संभाराकडे कोणत्या दृष्टीनें पाहावयाचें, हें मात्र तो कोणाच्या घरीं जातो ह्यावरून ठरत गेलें. वाळूजच्या कारखान्यास परवाना मिळतो, घरास मिळत नाहीं. एप्रिल २०१६ च्या दुष्काळांत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मद्यकारखान्यांच्या पाण्यांत मोठी कपात करण्याचा आदेश दिला, तेव्हां प्रथमच पुष्कळांच्या ध्यानीं आलें कीं ह्या टाक्यांचा संबंध पैठणच्या नाथसागराशींहि आहे.

(७)

शेवटीं आमच्या संग्राहक मित्रांस एक विनंति करावयाची आहे. बिअर करण्यास जीं तीन कामें लागतात तीं तिन्ही मराठी स्वयंपाकघरांत आजहि निर्वेधपणें चालतात. नाचणीला मोड आणून, वाळवून व दळून लहान मुलासाठीं सत्त्व करितात, तें शुद्ध माल्ट होय. कालच्या दह्याचें विरजण आजच्या दुधास लावितात, ती किण्व जतन करण्याची कला होय. लातूर व धाराशिव ह्या भागांत वेळ अमावस्येस ज्वारीच्या पिठाची व ताकाची आंबील मडक्यांत आंबवून शेतावर नेतात, तो धान्य आंबविण्याचा उत्सव होय. आंबील मद्य नव्हे, तिचें आंबणें निराळ्या जातीचें. परंतु मडकें, धान्य, मुरण्याची मुदत व ओळखीच्या वासावरून 'झालें' म्हणून सांगणारी आजी, एवढें सर्व सुरेच्या कृतीशीं समान आहे. अष्टांगहृदयांतहि मद्यवर्गापाठोपाठ धान्याम्ल, सौवीरक व तुषोदक ह्या आंबट पेयांचा विचार येतो, तो उगाच नव्हे. जुन्या वैद्यांस ह्या दोहोंचें नातें दिसत होतें.

ह्या कृती लिहिलेल्या स्वरूपांत कोठें सांपडतात? राजपत्रांत नाहीं, बखरींत नाहीं. त्या वैद्यकाच्या बाडाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, हिशेबाच्या वहीच्या समासांत, देव्हाऱ्यांतील पोथीस गुंडाळलेल्या कागदावर सांपडण्याचा संभव असतो. 'आसव अमुक, गूळ इतका, धायटीचीं फुलें इतकीं, मडकें इतके दिवस पुरावें', अशा दोन ओळी पाहून संग्राहक तें पान बाजूस सारतो. कारण त्यांत कोणा सरदाराचें नांव नसतें. आमच्या मतें असें पान सनदेइतकेंच जपण्यास योग्य आहे. कागद, मोडीचें वळण, मापांचीं नांवें व शेजारच्या पानावरील मजकूर ह्यांची नोंद करून तें ठेवावें. माप अडिसरी आहे कीं पायली, गूळ कोठल्या पेठेचा, कृति औषधाची कीं कार्याची, हें त्यावरून ठरेल. कौटिल्यानें सुरा व किण्व ह्यांचें काम स्त्रियांकडे दिलें. त्या स्त्रियांनीं आपल्या हातानें फारसें लिहून ठेविलें नाहीं. जें थोडें कोणी त्यांना विचारून टिपलें असेल, तें अशाच पानांवर असणार. तें कागद कुजण्यापूर्वीं हातीं आलें, तर देवगिरीच्या परिसरांतील घरांनीं राजशासनाच्या रेघेच्या अलीकडे काय केलें, तें सांगणारी साक्ष प्रथमच त्या घरांच्या तोंडून मिळेल. आजवर ती केवळ शासनाच्या तोंडून मिळत आली आहे.